ओटीचा फोटो

जामीन नामंजूर झाल्याची बातमी भैय्याजींच्या घरात शिरायच्या आधी गल्लीभर फिरून आली होती. दूधवाल्याने माप ओतता ओतताच "विनोदभाऊचं कालही काही झालं नाही म्हणते," असं म्हणून कलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. कलाबाई "दूध पातळ आहे आज" एवढंच बोलल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं, कलेक्टर येऊन बसला, पण दुसऱ्याच्या घरातलं आधी आपल्याला कळलं पाहिजे ही गावाची हौस काही गेली नाही.

सकाळचा चहा होतो न होतो तोच गौतम वकील आले. समोरच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बॅग मांडीवर घेऊनच बसले, म्हणजे फार वेळ थांबायचा त्यांचा विचार नव्हता. भैय्याजी दिवाणावर, मोठा मुलगा गजेंद्र खिडकीला टेकून उभा, त्याची आई कलाबाई आतल्या दाराच्या चौकटीत. थोरली सून तृप्ती स्वयंपाकघरात होती, पण तिचे कान याच खोलीत होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटा विनोद मार्गशीर्षापासून आत होता. बहिणीच्या, प्रणालीच्या, दिराला, सौसरच्या विजयला, विजयच्या घरच्याच संत्र्याच्या बगीच्यात गाडीच्या लोखंडी पान्याने डोक्यात मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. विजयने यंदाचा बहार विनोदला न देता दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला, एवढ्यावरून बोलाचाली झाली होती. विजय वाचला. पण नागपूरच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी पडलेली होती, आणि त्या दुपारचं त्याला काहीही आठवत नव्हतं. भैय्याजींच्या घरात या सगळ्याला 'ते झालं' असं म्हणायची पद्धत पडली होती. 'मारलं' हा शब्द त्या घरात अजून कोणी उच्चारला नव्हता.

"काकाजी, जमानत नामंजूर झाली म्हणजे पोरगा दोषी ठरला असं नाही," वकील म्हणाले. "खटला तर अजून सुरूच व्हायचा आहे."

"मंग त्याले आत काऊन ठेवून राहिले?"

"कोर्ट पाहते का हा माणूस बाहेर आला तर काय करन. पळून जाईन का? पुरावा मिटवन का? पुन्हा तसंच काही करन का? गवाहाले धमकावन, नाहीतर गोडीगुलाबीनं फिरवन का? गुन्हाही लहान नाही, हत्येच्या प्रयत्नाचा आहे. तरी बाकीचं मी निभावून नेलं. घर आहे, शेती आहे, मायबाप आहेत, कुठं पळन तो? पण गवाहाच्या गोष्टीवर अडकलो."

"गवाह म्हणजे आपली प्रणाली," गजेंद्र म्हणाला. "घरचीच तं आहे."

"तेच तर झालं ना गजूभाऊ!"

वकिलांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक फोटो शोधून फोन भैय्याजींच्या हातात दिला. भैय्याजींनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. मग गजेंद्रकडे दिला.

फोटो याच घरातला होता. मागे देवघराचा हिरवा पडदा. प्रणाली पाटावर बसलेली, पदर पसरलेला, पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवी साडी. आणि साडीच्या घडीवर सोन्याची पोत. पोत ठेवणारा हात कलाबाईंचा, गोंदलेला, सगळ्या गावाने ओळखावा असा.

"सक्रांतीचा आहे हा," कलाबाई चौकटीतूनच म्हणाल्या. "लेक माहेरी आली होती. लेकीची ओटी भरली, त्याच्यात गुन्हा कायचा झाला?"

"ओटी कोर्टाले समजते काकू. जजसाहेबाच्या घरीही भरतच असन. पण हे पाहा. ते झालं तवा तिथं दुसरं कोणी नव्हतं. मजूर जेवाले विहिरीकडे गेले होते. पाहणारी एकटी प्रणालीताई. ती आरोपीच्याच घरी येते, मुक्काम करते, आन् जातानी तिच्या पदरात सोनं पडते. तुम्ही त्या खुर्चीवर असते तर काय समजले असते?"

कलाबाईंना खरोखरच कळत नव्हतं. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरायची, हे त्यांनी कधी विचार करून केलेलं नव्हतं. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकताना चप्पल घालावी तसं ते होत असे. पोतीचं मात्र वेगळं होतं. पोतीचा विचार त्यांनी केला होता, पण ते आता कोणाला सांगायचं कारण नव्हतं.

"हा फोटो सरकारी वकिलाकडे गेला कसा?" भैय्याजींनी विचारलं.

"ते मले नाही सांगणार. पण फोटो घरातला आहे काकाजी. घरातूनच गेला असन."

वकील इतकं सहज बोलून गेले, आणि खोलीतली माणसं एकमेकांकडे न पाहता एकमेकांना पाहू लागली.

गजेंद्रला वडिलांची नजर आपल्या गालावर जाणवली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. विनोद आत गेल्यापासून या घरात भांडं आपटलं नव्हतं. बगीच्यात मजूर वेळेवर येत होते, व्यापारी फोन उचलत होते, रात्री जेवताना कोणाचा आवाज चढत नव्हता. हे सुख आहे हे गजेंद्रला कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. ती लाज आपल्या तोंडावर दिसते की काय, ही नवीनच धास्ती आता त्याला पडली.

"तुले तं बरंच झालं म्हणा," भैय्याजी म्हणालेच.

"काय बरं झालं?"

"काही नाही. बगीच्याचा सारा कारभार एकहाती आला."

"भैय्याजी, मी कोर्टात पेशीले तुमच्यासंग येऊन बसतो, वकिलाच्या मागं फिरतो, अन् तुम्ही मलेच..." मुलंसुद्धा त्यांना भैय्याजीच म्हणत. गजेंद्रचा आवाज वाकडा झाला. मग आपल्यावरचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची वाट माणसाला जशी आपोआप सापडते, तशी त्यालाही सापडली. "फोटोत माय आहे. प्रणाली आहे. मंग काढला कोणं? तिसरं कोण होतं देवघरात?"

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज एकदम थांबला.

*

तृप्तीने चहा गाळला आणि गाळणी उगाचच दोनदा झटकली. सासूबाई आत येणार हे तिला माहीत होतं. त्या आल्या, आणि आल्या आल्या ओट्यावरच्या पोह्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. कलाबाईंना भांडायचं असलं की त्या आधी काहीतरी झाकत.

"फोटो तूच काढला होता."

"हो. मीच काढला."

"मंग?"

"मंग काय आई? काढला म्हणजे कोर्टात नेऊन देला काय?"

"पोतीवर तुहा डोळा होता. मले काही दिसत नाही असं समजू नको."

पोतीवर तिचा डोळा होता हे खरंच होतं. ती पोत कलाबाईंच्या सासूची. घरात आली त्या वर्षापासून तृप्ती ऐकत होती की ती थोरल्या सुनेची. आणि संक्रांतीला तिच्याच डोळ्यांपुढे ती लेकीच्या पदरात पडली, वर तिलाच फोटो काढायला सांगितला. पण फोटो तिने प्रणालीच्या फोनमध्ये काढला होता. "वहिनी, माह्या फोनमधे काढा ना, तुमचा कॅमेरा धुरकट येते," असं प्रणालीच म्हणाली होती. तृप्तीच्या फोनात तो फोटो कधी आलाच नव्हता.

म्हणजे तो सौसरहून गेला होता, आणि कोणी पाठवला हे या घरात फक्त तिला माहीत होतं. एक वाक्य बोललं की ती मोकळी होती.

ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही. पण तिला त्या दिवशीचं दुसरंच आठवलं. पोत ठेवताना कलाबाई लेकीच्या कानाशी वाकल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "पोरी, तुले काही दिसलं नाही, एवढंच म्हणजो." तेव्हा प्रणालीने पदराकडे असं पाहिलं होतं, जणू त्यात विंचू पडलाय. आणि त्याच्याही मागचं आठवलं. गेल्या पोळ्याला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून विनोदने भरलेलं ताट तिच्या अंगावर फेकलं होतं. घरातल्या सगळ्यांनी धावत येऊन ताट उचललं, फरशी पुसली. तिला लागलं का, हे एकानेही विचारलं नव्हतं.

"बोलत काऊन नाही?" कलाबाई म्हणाल्या.

"बोलून काय होईन? तुम्ही ठरवूनच आल्या."

मागून गजेंद्र आला. आवाज खाली करून म्हणाला, "खरं सांग. भैय्याजी माह्यावर संशय घेऊन राहिले."

"म्हून तुम्ही माह्यावर ढकलता काय?" तृप्तीने ट्रे उचलला. "बाजूले व्हा. चहा थंडा होते."

*

भैय्याजींना चहा गोड लागला नाही. पोटचा पोरगा जेलात, आणि घरातच कोणीतरी फितूर. त्यांनी आयुष्यभर गावातल्या इतर घरांकडे बोट दाखवून 'त्यांच्यात फूट पडली' असं म्हटलं होतं. आता लोक या घराकडे बोट दाखवतील, या विचाराने त्यांनी चहा तसाच ठेवला.

"आता पुढं काय?" गजेंद्रने विचारलं. "प्रणालीकडून लिहून घेऊ? का बा ओटी आमच्यात चालते, मले कोणी काही म्हटलं नाही. सही करन ती."

गौतम वकिलांनी कप खाली ठेवला. "गजूभाऊ, हे डोक्यातून काढून टाका. आरोपीच्या भावानं गवाहाची सही आणली, यापेक्षा वाईट काही नाही. तुम्ही तिले फोनही करू नका. आपण जबलपूरले जाऊ, हायकोर्टात. तिथं आपणच म्हणू का पोरगा सौसर तालुक्यात पाय ठेवणार नाही. अमरावतीले मावशीकडे राहीन, तिथल्या ठाण्यात हजेरी देईन. गवाहापासून तो दूर राहते अशी खात्री कोर्टाले पटली, तर मार्ग निघू शकते."

"दूर काऊन राहीन?" भैय्याजी म्हणाले. त्यांना एकदम भरून आलं. "सख्खी बहीण आहे त्याची. परवा मी मुलाकातीले गेलो होतो. जाळीतून मले म्हणते, 'भैय्याजी, प्रणालीले सांगजा, बाहेर आलो का पहिले तिच्याकडेच येतो.' घरी नाही म्हणे, पहिले तिच्याकडे. एवढा जीव आहे त्याचा बहिणीवर. हे सांगा ना तुम्ही जजले!"

वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भैय्याजींकडे नीट पाहिलं.

"काकाजी, हे तुम्ही माह्यासमोर बोलले ते बोलले. आता हे वाक्य कुठंच बोलू नका."

"काऊन?"

वकील उत्तर देणार तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. गजेंद्रने खिडकीतून पाहिलं आणि तो सरळच उभा राहिला. सौसरच्या बसने उतरून प्रणाली आली होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, तोंड उन्हाने लाल.

"प्रणाली आली," तो म्हणाला.

गौतम वकील ताडकन उठले. "हिले कोणं बोलावलं?"

"कोणीच नाही."

"कोणी विश्वास ठेवन काय? काकाजी, मी इथं नव्हतो. तिचं अन् माहं एका छताखाली बसणं झालं असं उद्या कोणी म्हटलं तर वकिली जाईन माही." बॅग छातीशी धरून ते स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे सुटले. त्यांची चप्पल समोरच्या दारात राहिली होती. तृप्तीने ती मागे नेऊन दिली तेव्हा ते मोरीपाशी अनवाणी उभे होते.

भैय्याजी दिवाणावरून हलले नाहीत. एरवी लेक आली की तेच आधी "आली का माही माय" असं म्हणत उठत. आज त्यांना पहिल्यांदा वाटलं, ही आली कशाला? आणि कोणी पाठवलं?

*

प्रणालीने उंबऱ्यात पाय ठेवला आणि खोलीतली गार शांतता तिला कळली. सासरी गेले कित्येक दिवस ती याच शांततेत राहत होती. माहेरून ती पोत घेऊन परतली, त्या दिवसापासून तिच्या सासूने, वत्सलाबाईंनी, विजयला जेवण तिच्या हातून द्यायचं बंद केलं होतं. तोंडाने त्या काही बोलल्या नाहीत. फक्त ताट तिच्या हातातून काढून घेत आणि स्वतः भरवत. नवऱ्यानेही विचारलं नाही. आणि न विचारण्याचाच तिला जास्त त्रास झाला. तिकडे ती आरोपीची बहीण होती, इकडे ती गवाह. मोकळेपणाने बसावं अशी जागाच तिला उरली नव्हती.

"पाणी घ्या ताई," तृप्तीने पेला पुढे केला. तिच्या नजरेत काहीतरी होतं. प्रणालीने ओळखलं, हिला माहीत आहे. आणि हिने सांगितलेलं नाही.

"एकटी आली काय?" कलाबाईंनी विचारलं.

"एकटीच."

"घरी सांगून?"

"सांगून." प्रणालीने पिशवी उघडली. हिरवी साडी काढली, घडी न मोडलेली. तिच्यावर रुमालात बांधलेली पोत ठेवली आणि दोन्ही गोष्टी दिवाणावर वडिलांच्या बाजूला ठेवल्या. "हे वापस द्याले आली."

"ओटीतलं कोणी वापस करते काय?" कलाबाई पुढे झाल्या. "काय करून राहिली वं तू?"

"ओटीतलं नाही करत माय. तांदूळ शिजवून खाल्ले, नारळ फोडला. पण पोत ओटीतली नव्हती."

गजेंद्र पुढे आला. "तुले कळलं ना काल काय झालं ते? आपल्याच घरातल्या कोणीतरी फोटो देला. विनोदची जमानत गेली. आता आम्ही तेच..." त्याने तृप्तीकडे हात केला.

"वहिनीले काही म्हणू नका दादा. फोटो मी देला."

मग गजेंद्र बायकोकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही मले इचारलंच कुठं?" तृप्ती म्हणाली. "तुम्ही तं डायरेक्ट ठरवलं." आणि ती पेला घेऊन आत गेली नाही. प्रणालीच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी नणंदा-भावजया आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला उभ्या होत्या.

"सासरच्यांनी द्याले लावला," गजेंद्र म्हणाला. "वत्सलाबाईनं सांगतलं असन. घरात राहायचं असन तं दे म्हणून."

"कोणी मागतला नाही. मीच देला."

"तिकडे मान मिळवाले देला मंग!"

प्रणालीने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तेही असन दादा. खोटं काऊन बोलू? मले तिथं राहायचं आहे. पण तेवढ्यासाठी नाही देला."

"मंग कायले?" भैय्याजी पहिल्यांदा बोलले. "सख्ख्या भावाले आत सडवाले?"

प्रणालीने वडिलांकडे पाहिलं. हे बोलायचं म्हणून ती बसमध्ये शब्द जुळवत आली होती. आता त्यातलं काहीच आठवेना, म्हणून ती जसं झालं तसं सांगू लागली.

"मी डबा घेऊन बगीच्यात गेली होती. दोघं भांडून राहिले होते. धक्काबुक्की झाली, विनोददादानं पाना मारला, विजयभाऊजी पडले. तवरक मी म्हटलं, रागाच्या भरात झालं. माणसाच्या हातून होते." तिने ओठ पुसले. "भाऊजी पडलेले होते भैय्याजी. डोळे मिटलेले. हात पसरलेले. तो उभा होता, त्यानं इकडे पायलं, तिकडे पायलं, कोणी आहे काय ते. अन् मंग वाकून पुन्हा मारलं. त्याच जागी."

गजेंद्रने खिडकी लावून घेतली.

"मंग त्यानं मले पायलं. झाडाच्या मागं. पाना हातातच होता. हसला तो मले पाहून. म्हणे, 'तू काही पायलं नाही, होय ना?' मी म्हटलं, होय." तिने दाराच्या कडीकडे पाहिलं. "मले भेव वाटते. मी रात्री कडी लावते, त्याच्यावर खुर्ची लावते. माह्या सासरच्यांचं नाही, विनोददादाचं भेव वाटते. तुम्ही सारे जमानत कधी होते म्हणून देवाले हात जोडता. मीही जोडते. नको होऊ म्हणून."

"खोटं बोलते!" भैय्याजी ओरडले. "शिकवून पाठवली हिले!"

ते ओरडले खरे, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. विनोदने लहानपणी पाय मोडलेल्या कुत्र्याला काय केलं होतं, ते गजेंद्रला आठवत होतं. ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

*

कलाबाई सगळं ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात वेगळंच घोळत होतं. लेक बोलत असताना त्यांना मुलाचा आवाज ऐकू येत होता. जाळीतून आलेला, नवऱ्याने कौतुकाने आणून सांगितलेला. परवा तो निरोप ऐकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. वकिलाने ते वाक्य ऐकून चष्मा घातला तेव्हा त्या चौकटीतच होत्या, आणि वकिलाच्या तोंडावर काय आलं ते त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा समजलं नव्हतं. आता समजलं.

कोर्टाने परक्या माणसांचं ऐकून जे ओळखलं, ते नऊ महिने पोटात वाढवलेल्याबद्दल त्यांनी ओळखलं नव्हतं. की ओळखलं होतं? पोत ठेवताना कानात बोलावं लागलं, मोठ्याने नाही बोलवलं, ते का?

"मी जाते," प्रणाली म्हणाली. "बस जाईन नाहीतर."

"जा," भैय्याजींनी भिंतीकडे तोंड केलं. "अन् पुन्हा येऊ नको."

कलाबाई आत गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"माय, ओटी भरू नको," गजेंद्र घाईने म्हणाला. "पुन्हा कोर्टात उभं करतीन आपल्याले."

"भरू दे," भैय्याजी भिंतीशीच बोलले. "भरलेल्या ओटीनं जाऊ दे. पुढच्या पेशीले तिलेच लाज वाटन."

कलाबाई सूप घेऊन बाहेर आल्या. सुपात तांदूळ, नारळ, हळदीकुंकवाची कोयरी. त्यांनी लेकीला हळद लावली, कुंकू लावलं, नेहमीसारखं ठसठशीत. प्रणालीने पदर पसरला. इतकं बोलूनही तिने पदर पसरला, कारण आई समोर सूप घेऊन उभी राहिली की हात आपोआपच पुढे येत. तिच्या डोळ्यांतून पाणी पदरात पडत होतं.

कलाबाईंनी मूठभर तांदूळ उचलले. हात पदरावर आणला. तिथेच धरून ठेवला.

मग मूठ तशीच मागे घेतली.

"नाही भरत," त्या म्हणाल्या.

"माय..."

"ऐक. पेशीले तुले उभं करतीन. वकील इचारन, मायनं काय देलं होतं पदरात? तवा सांगजो, पोत देली होती, मी वापस केली. अन् मंग इचारन, आखरीले माहेरी गेली तवा काय देलं? तं सांगजो, काहीच नाही देलं. एक दाणा नाही देला." त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली. "रिकामी जा. म्हणजे तुह्या बोलण्यावर कोणी बोट ठेवणार नाही. जे पायलं ते सांगजो. दोन्ही वेळचं."

प्रणालीने पदर गोळा केला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून निघाली. तृप्ती तिच्यासोबत फाटकापर्यंत गेली. गल्लीतल्या दोन दारांमधून दोन डोकी बाहेर आली होती. लेक माहेरहून रिकाम्या पदराने चालली, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर होणार होतं.

कलाबाई अजून तिथेच उभ्या होत्या. तृप्ती परत आली, तिने सूप त्यांच्या हातातून घेतलं. मूठ मात्र त्यांना उघडता येईना. तृप्तीने एकेक बोट सोडवून तांदूळ सुपात पाडले.

भैय्याजींनी भिंतीकडून तोंड वळवलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आपल्याच पोराले जेलात ठेवतं काय वं तू?"

"बाहेर आला का पहिले तिच्याकडेच जाणार होता तो," कलाबाई म्हणाल्या. "तुम्हीच तं सांगतलं."